नामदार गोपाळ कृष्ण गोखले

घरातील कर्ता पुरुष आपल्या मिळकतीत दाणागोटा, कपडालत्ता व मुलांची फी यांचा मेळ घालतो, त्याप्रमाणे सरकारासही पुढील वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज आगाऊ बांधावा लागतो. ह्यासच अंदाजपत्रक म्हणतात. हे रुक्ष आकडे गरिबांच्या वतीने कसे वाचावेत, हे ज्यांनी देशास शिकविले, ते नामदार गोखले होत.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी झाला. १८७९ साली वडील वारले. तेव्हा थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली व त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणास धाडीत. रुपयाचे मोल गोपाळरावांस असे लहानपणीच कळले. १८८४ साली ते बी. ए. झाले. पुढे त्यांनी पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल व फर्ग्युसन कॉलेज येथे अध्यापन केले आणि अंकगणिताचे पुस्तक लिहिले. सरकारी अहवालांतील आकडे पारखून घेण्याची शिस्त त्यांस न्यायमूर्ती रानडे यांनी लाविली.

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात त्यांचे अंदाजपत्रकावरील पहिले भाषण झाले. तो काळ मोठा कठीण होता. १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ नुकताच सरला होता. दुष्काळातून वाचविलेल्या शेकडो मुलींस पंडिता रमाबाईंनी आपल्या केडगावी आश्रय दिला, तो ह्याच सुमारास. रयतेची अशी अन्नान्नदशा असता सरकारी तिजोरीत मात्र कोट्यवधी रुपये शिल्लक होते! सरकारच्या मते हे भरभराटीचे लक्षण होते. गोखल्यांनी त्याचे खरे कारण उलगडून दाखविले. पूर्वी रुपयाचा भाव घसरल्यामुळे विलायतेस पाठवावयाच्या रकमांचा बोजा वाढला होता. म्हणून कर चढविण्यात आले. १८८८ साली मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. पुढे रुपयाचा भाव सुधारला, बोजा हलका झाला, पण कर तसेच राहिले. म्हणजे ही शिल्लक गरजेहून अधिक वसूल केलेला रयतेचा पैसा होता. मीठ तर गरिबाच्या भाकरीबरोबरही लागते. लष्करावर अफाट खर्च होत असता शिक्षणाच्या वाट्यास अल्प रक्कम यावी, हेही त्यांस सलत होते.

त्या काळी सभासदांस अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. तरीही गोखले वर्षानुवर्षे पूर्ण तयारीनिशी बोलत राहिले. इतर लोकनेत्यांचीही मागणी तीच होती. १९०३ साली मिठाचा कर दोन रुपयांवर, १९०५ साली दीड रुपयावर व १९०७ साली एक रुपयावर आला. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे १९११ चे विधेयक मात्र पुढील वर्षी फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले.

आज लोकसभेच्या संमतीवाचून सरकारास कर बसविता येत नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींस मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदाही १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. विद्यार्थिमित्रहो, दरवर्षी अंदाजपत्रक प्रसिद्ध होईल तेव्हा केवळ शिल्लक किती हे पाहून थांबू नका. पैसा कोणाच्या पदरचा आला व कोणाच्या कल्याणास लागला, हे दोन प्रश्न अवश्य विचारा. गोखल्यांनी ते सत्तेपुढे निर्भयपणे, पण सदैव पुराव्यानिशी विचारले.