यशवंतराव होळकर (दुसरे)

महाराजा सर यशवंतराव होळकर (दुसरे) (६ सप्टेंबर १९०८ – ५ डिसेंबर १९६१) हे इंदूर संस्थानचे अखेरचे सत्ताधीश राजे होते. होळकर घराण्यात याच नावाचे एक पराक्रमी पुरुष आधी होऊन गेले. इंग्रजांशी झुंजणारे ते पहिले यशवंतराव (१७७६–१८११) होत. दोघांच्या नावांत वाचकांचा घोटाळा होऊ नये. दुसरे यशवंतराव प्रसिद्धीस आले ते आधुनिक कलेचे आश्रयदाते, माणिकबाग राजवाड्याचे धनी आणि खास बांधून घेतलेल्या मोटारींचे मालक म्हणून. त्यांच्या ड्यूसेनबर्ग मोटारीचे नाव जुन्या मोटारींच्या अभ्यासकांत आजही घेतले जाते. यंत्र कारखान्यातून आले तसेच ठेवावे की आपल्या मनाप्रमाणे बदलून घ्यावे, या वादाच्या संदर्भात ही मोटार विशेष महत्त्वाची ठरते.

प्रारंभिक जीवन

यशवंतरावांचा जन्म इंदूर येथे झाला. वडील महाराजा तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी मुलाला लहानपणीच इंग्लंडला पाठवले. चीम येथील शाळा, चार्टरहाउस आणि ऑक्सफर्डचे क्राइस्ट चर्च महाविद्यालय असा त्यांच्या शिक्षणाचा क्रम होता. १९२४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, कागलकर घाटगे घराण्यातील संयोगितादेवी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

गादी त्यांच्याकडे अनपेक्षितपणे आली. १९२५ मध्ये मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. इंदूर दरबार सोडून आलेली नर्तकी मुमताज बेगम त्या वेळी त्याच्यासोबत मोटारीत होती. संशयाची सुई इंदूरकडे वळली. चौकशीला सामोरे जाण्याऐवजी तुकोजीरावांनी २६ फेब्रुवारी १९२६ रोजी राज्यत्याग केला. यशवंतराव तेव्हा सतरा वर्षांचे होते. ९ मे १९३० रोजी पूर्ण अधिकार हाती येईपर्यंत राज्यकारभार प्रतिनिधी मंडळाने चालवला.

राज्यकारभार

कारभारी म्हणून यशवंतरावांचे मूल्यमापन करताना अभ्यासकांचे एकमत होत नाही. ते वर्षातील बराच काळ परदेशी असत आणि राज्याचा गाडा दिवाण व मंत्री ओढत. असे असले तरी १९३८ मध्ये संस्थानातील सरकारी देवळे अस्पृश्य समाजाला खुली करण्याचा निर्णय त्यांच्याच काळातला आहे. १९४२ मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना अनावृत पत्र लिहून हिंदुस्थानच्या प्रश्नात मध्यस्थीची मागणी केली. संस्थानिकाने ब्रिटिश सरकारला डावलून असे पत्र लिहावे, हे त्या काळी धाडसाचेच होते.

वऱ्हाडातील वाचकांना जवळची वाटावी अशी एक बाब म्हणजे इंदूरची वनस्पती उद्योग संस्था. कापसाच्या संशोधनासाठी १९२४ मध्ये तुकोजीरावांच्या कारकिर्दीत दरबारने दिलेल्या जमिनीवर ती उभी राहिली. तेथील संचालक अल्बर्ट हॉवर्ड यांनी सिद्ध केलेली कंपोस्ट खताची रीत इंदूर पद्धत या नावाने जगभर गेली. हॉवर्ड यांनी १९३१ मध्ये इंदूर सोडले, तेव्हा गादीवर यशवंतराव होते. अमरावती-अकोल्याच्या काळ्या मातीतील शेतकरीही शेणकाडीचा खड्डा भरताना ज्या पद्धतीचा आधार घेतो, तिचे मूळ या संस्थेत आहे.

क्रिकेटमध्ये होळकर संघाने १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ अशी चार वेळा रणजी करंडक स्पर्धा जिंकली. पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडकडून खेळलेले, जन्माने नागपूरचे सी. के. नायडू हे या संघाचे कर्णधार होते. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध या संघाने ८ बाद ९१२ धावा केल्या. त्या डावात सहा फलंदाजांनी शतके काढली.

माणिकबाग

ऑक्सफर्डमध्ये असताना यशवंतरावांची एकार्ट मुथेसियुस या तरुण जर्मन वास्तुविशारदाशी ओळख झाली. माणिकबाग राजवाड्याचे काम १९३० च्या सुमारास त्यांच्याकडे सोपवले गेले आणि १९३३ पर्यंत ते चालले. खिडक्या-दारांचे धातुकाम जर्मनीत होऊन जहाजाने आले. लुई सोन्यो व शार्लोत आलिक्स, एमिल-जाक रुलमान, आयलीन ग्रे, ल कॉर्ब्युझिए अशा कलावंतांच्या खुर्च्या, पलंग व मेजे तेथे होती. गालिचे इव्हान द सिल्वा ब्रून्स यांचे होते. राजवाडा म्हटला की झुंबरे आणि वाघाची कातडी डोळ्यांपुढे आणणाऱ्यास माणिकबाग पाहून धक्काच बसला असता.

तथापि यशवंतराव जुने सरसकट टाकून देणारे नव्हते. बर्नार्ड बूते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने त्यांची दोन प्रसिद्ध व्यक्तिचित्रे काढली: १९२९ चे काळ्या पाश्चात्त्य पोशाखातील, आणि १९३०च्या दशकातील मराठा दरबारी वेषातील. दुसऱ्या चित्रात गळ्यात इंदूर पेअर्स नावाचे दोन मोठे हिरे दिसतात. हे हिरे तुकोजीरावांनी १९१३ मध्ये पॅरिसमध्ये घेतले होते. यशवंतरावांनी ते मोबुसाँ या जवाहिऱ्याकडून नव्या घडणीच्या हारात बसवून घेतले. घडण बदलली, हिरे तेच राहिले. मोटारींच्या बाबतीत त्यांनी काय केले हे समजून घेताना हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मोटारी

त्या काळी उंची मोटार विकत घेणे म्हणजे आजच्यासारखे दुकानातून तयार गाडी उचलणे नव्हते. कारखाना चासी, इंजिन, चाके आणि रेडिएटर एवढेच देई. वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या बॉडी बांधणाऱ्याकडून करवून घेई. अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनी याच रीतीने व्यवसाय करी. १९२८ च्या अखेरीस तिने जे मॉडेल बाजारात आणले. त्याचे इंजिन सुमारे ६.९ लिटर क्षमतेचे, सरळ रांगेत आठ सिलिंडर असलेले होते. प्रत्येक सिलिंडरला चार झडपा होत्या आणि शक्ती २६५ अश्वशक्ती सांगितली जाई. नुसत्या चासीची किंमत आरंभी ८,५०० डॉलर होती. १९३२ मध्ये त्याच इंजिनाला सुपरचार्जर जोडून एसजे हे मॉडेल निघाले. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात दाबाने जास्त हवा कोंबणारा पंखा; जास्त हवेबरोबर जास्त इंधन जळते आणि शक्ती वाढते. एसजेची शक्ती ३२० अश्वशक्ती असल्याचा कंपनीचा दावा होता.

तीस वर्षांनी अमेरिकेत मसल कार नावाचा प्रकार रूढ झाला. १९६४ च्या पाँटियाक जीटीओमध्ये मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचे मोठे व्ही-८ इंजिन बसवले होते आणि या प्रकाराचा प्रारंभ सहसा तिच्यापासून मानतात. किंमत आणि गिऱ्हाईक या दोन्ही दृष्टींनी ड्यूसेनबर्ग त्या जातीची नव्हे. जीटीओ तरुण नोकरदारासाठी होती. एसजे चित्रपट-तारे, उद्योगपती आणि राजेरजवाडे यांच्यासाठी. पण रस्त्यावरच्या गाडीत अवाढव्य शक्तीचे इंजिन घालण्याची हौस दोन्हींच्या मुळाशी आहे.

यशवंतरावांनी एसजेची लांब चासी घेतली. तिच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर १५३.५ इंच, म्हणजे सुमारे ३.९ मीटर होते. एवढ्या लांबीवर बहुतेक गिऱ्हाइके सात माणसांची बंद गाडी बांधून घेत. यशवंतरावांनी उलट केले. ही चासी लंडनच्या जे. गर्नी नटिंग यांच्याकडे गेली आणि तेथे ए. एफ. मॅकनील यांच्या आराखड्यावरून १९३५-३६ मध्ये तिच्यावर उघडी स्पीडस्टर बॉडी चढली. पुढे दोघांची बैठक, लांबच लांब बॉनेट, मागे निमुळती होत गेलेली शेपटी आणि नारिंगी-काळा रंग असे तिचे रूप होते. समोर नेहमीच्या दिव्यांखेरीज लाल व निळे दिवेही बसवले होते.

त्यांनी काय बदलले नाही, हे पाहणेही तितकेच आवश्यक आहे. इंजिन, सुपरचार्जर आणि चासी कारखान्याचीच राहिली, आणि रेडिएटरचे तोंडही ड्यूसेनबर्गचेच राहिले. समोरून पाहणाऱ्याला गाडी कोणाची हे ओळखता येई, बाजूने पाहणाऱ्याला ती कोणासाठी बांधली हे कळे. जेथे अभियंत्याचा अधिकार तेथे हात लावायचा नाही आणि जेथे गिऱ्हाइकाची आवड चालते तेथे संकोच करायचा नाही, असा विवेक या गाडीत दिसतो. संस्थानिकांच्या सोन्याचांदीने मढवलेल्या गाड्यांच्या गर्दीत तो उठून दिसतो, हे मान्य करावे लागेल.

मूळ रूपाचा प्रश्न

जुन्या शक्तिशाली मोटारीचा मालक आज एका पेचात असतो. गाडीचे ब्रेक, टायर, बैठका आणि इंजिन आधुनिक करून ती रोज चालवण्याजोगी करावी, की कारखान्यातून निघाली तशी जपावी? मसल कारच्या बाबतीत मूळ रूप म्हणजे काय, हे ठरवणे तुलनेने सोपे असते. इंजिन, गिअरबॉक्स आणि चासी यांवरचे क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळले, रंग मूळचा निघाला, की गाडी अस्सल मानली जाते आणि तिला संग्राहकांकडून अधिक किंमत येते. इंजिन बदलले की हे मोल घटते. याउलट, क्रमांक आधीच न जुळणारी, सुटे भाग हरवलेली गाडी बदलून घेतल्याने फारसे काही गमावले जात नाही. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी गाडीत अस्सल काय उरले आहे ते तपासावे, असे जाणकार सांगतात. जे खोलून पुन्हा पूर्वीसारखे बसवता येते ते बदलण्यास हरकत नसते. पत्रा कापणे, चासीला भोके पाडणे, इंजिनाचा ठोकळाच बदलणे यांना मात्र परतीची वाट नाही.

होळकरांच्या ड्यूसेनबर्गला हा मापदंड जसाच्या तसा लागू पडत नाही. तिच्यासाठी कारखान्याची बॉडी अशी कधी नव्हतीच. पहिल्या धन्याने करवून घेतलेले रूप हेच तिचे मूळ रूप. उद्या एखाद्याने तिच्यावर प्रचलित अमेरिकी घडणीची बॉडी बसवली, तर तो गाडी मुळाकडे नेत नसून तिचा इतिहास पुसत असेल. ही भीती काल्पनिक नाही. ड्यूसेनबर्ग कंपनी १९३७ मध्ये बंद पडली. तोवर जे आणि एसजे मिळून सुमारे ४८० गाड्या निघाल्या होत्या आणि त्यांपैकी अनेकांच्या बॉडी पुढे विक्रेत्यांनी व मालकांनी एकमेकींवर चढवल्या. होळकरांच्या गाडीवर गर्नी नटिंगचीच बॉडी टिकून आहे, म्हणून तिचे मोल विशेष.

ही गाडी पुढे अमेरिकेत गेली. १९७०च्या दशकात जुन्या मोटारींच्या निर्यातीवर निर्बंध येण्यापूर्वी संस्थानिकांच्या कितीतरी गाड्या अशाच देशाबाहेर गेल्या. भारतात आज हा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये याचा कडक अर्थ लावला. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. त्यासाठी चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा लागतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही.

उत्तरायुष्य

१९३७ मध्ये संयोगितादेवींचे स्वित्झर्लंडमध्ये निधन झाले. त्या जेमतेम विशीत होत्या. मूर्तिकार कॉन्स्टँटिन ब्रांकुशी यांच्याकडून यशवंतरावांनी अवकाशातील पक्षी या शिल्पाच्या तीन प्रती घेतल्या होत्या आणि त्या ठेवण्यासाठी इंदुरात ध्यानमंदिर बांधण्याचे ठरले होते. ब्रांकुशी १९३७-३८ च्या हिवाळ्यात इंदूरला येऊनही गेले, पण महाराजांचे मन उडाले होते. मंदिर झालेच नाही. पुढे यशवंतरावांनी दोन अमेरिकी स्त्रियांशी क्रमाने विवाह केले.

२८ मे १९४८ रोजी मध्य भारत राज्याची स्थापना झाली. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले आणि यशवंतराव उपराजप्रमुख. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हे पद संपले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. संयोगितादेवींपासून झालेल्या कन्या उषाराजे या वारस ठरल्या. इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय त्यांच्या नावाने ओळखले जाते.

माणिकबागेच्या वाट्याला मोटारीचे भाग्य आले नाही. ब्रांकुशींचे संगमरवरी पक्षी १९७३ मध्ये कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाने घेतले. राजवाड्यातील सामानाचा १९८० मध्ये मोनाकोत लिलाव झाला आणि एका आराखड्यात शोभणाऱ्या खुर्च्या, दिवे, पलंग जगभरच्या संग्रहांत विखुरले. २०१९-२० मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयाने त्यांपैकी अनेक वस्तू तात्पुरत्या एकत्र मांडल्या होत्या. राजवाड्याची इमारत इंदुरात उभी असून तीत केंद्रीय महसूल खात्याचे कार्यालय आहे.