ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२ – ३१ ऑगस्ट १९७३) या मराठी शिक्षणतज्ज्ञ आणि भारतातील पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होत्या. बालवाडी ही संकल्पना भारतीय खेड्याच्या परिस्थितीत बसवण्याचे आणि हा शब्द रूढ करण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी व कोसबाड येथे त्यांनी आदिवासी मुलांसाठी केलेले शैक्षणिक प्रयोग देशभर अभ्यासले गेले. भारत सरकारने १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

== आरंभीचे जीवन ==
ताराबाईंचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव व आई उमाबाई हे प्रार्थना समाजाच्या विचारांचे होते आणि मुलींच्या शिक्षणाला त्या घरात विरोध नव्हता. मुंबई विद्यापीठातून १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो टिकला नाही व १९२१ मध्ये दोघे विभक्त झाले. मुलीची जबाबदारी घेऊन एका स्त्रीने स्वतंत्रपणे उभे राहणे त्या काळी सोपे नव्हते. राजकोट येथील बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या त्या प्राचार्या झाल्या. या पदावर नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत.

== भावनगर आणि दादर ==
गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत माँटेसरी पद्धतीचे बालमंदिर चालवले होते. ते काम जाणून घेतल्यावर ताराबाईंनी प्राचार्यपद सोडले आणि १९२३ मध्ये त्या भावनगरला गेल्या. सुमारे नऊ वर्षे त्यांनी गिजुभाईंसमवेत काम केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या ‘शिक्षणपत्रिके’च्या मराठी आवृत्तीचे संपादन पुढे ताराबाईंनी दीर्घकाळ केले.

मुंबईला परतल्यावर १९३६ मध्ये त्यांनी दादर येथे शिशुविहार ही संस्था सुरू केली. बालमंदिराला जोडूनच शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचा वर्ग होता. संस्था नावारूपाला आली; परंतु तेथे येणारी मुले मुख्यतः सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांतील होती. माँटेसरीची साधने महाग होती आणि ही पद्धत म्हणजे शहरी पालकांची हौस, अशी टीकाही होत असे. ताराबाईंना या टीकेत तथ्य वाटले, म्हणूनच त्यांचे उत्तरायुष्य वेगळ्या वाटेने गेले.

== बोर्डी ==
डिसेंबर १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. अनुताई वाघ याच वेळी त्यांच्या सहकारी झाल्या आणि शेवटपर्यंत सोबत राहिल्या. पुढील कामापैकी कोणता भाग कोणाचा हे वेगळे काढणे कठीण आहे. त्याच वर्षी त्याच परिसरात गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. ज्या घरांतील मोठी माणसे नुकतीच वेठीच्या जोखडाविरुद्ध उभी राहत होती, त्या घरांतील मुलांना शाळेत बसवणे हे सोपे काम नव्हते.

बोर्डीत मध्यवर्ती बालवाडी निघाली; पण अतिशय गरीब वस्त्यांतील मुले तेथे येत नव्हती. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीत नेली. घरासमोरचे अंगण झाडून तेथेच मुलांना जमवायचे, हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी व खेळ घ्यायचे. हीच अंगण बालवाडी. महागड्या साधनांची जागा शिंपले, बिया, पाने, खडे आणि माती यांनी घेतली.

== कोसबाड आणि मुलांच्या गैरहजेरीचा शोध ==
१९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हलवण्यात आले. येथील वस्ती प्रामुख्याने वारली. ताराबाईंच्या कार्यातील सर्वांत मोलाचा भाग येथे घडला.

प्राथमिक शाळेतून मुले मध्येच गळतात आणि उरलेली एकाच इयत्तेत अडकून राहतात, हे शिक्षणखात्याला ठाऊक होते. हार्टोग समितीने १९२९ च्या अहवालात दाखवून दिले होते, की पहिलीतील १०० मुलांपैकी जेमतेम १८ चौथीपर्यंत पोहोचतात. आदिवासी भागात या प्रश्नाचे सोपे उत्तर दिले जाई : मुले मंद आहेत आणि पालकांना शिक्षणाची आवड नाही. ताराबाईंनी हे उत्तर मान्य केले नाही. गैरहजर मूल त्या वेळी कोठे असते आणि काय करते, हे त्यांनी पाहिले.

मुलगा गुरे घेऊन कुरणात असे. मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर सांभाळीत असे, कारण आई मजुरीला गेलेली असे. काही मुले दिवसभर स्वतःच राबत असत. जी शाळेत येत, त्यांच्या कानी पडणारी पुस्तकी मराठी घरच्या वारली बोलीहून इतकी निराळी असे, की शिक्षकाचे बोलणे त्यांना परके वाटे. त्यातच पोट रिकामे आणि अंगाला खरूज. अशा मुलाकडून पाठांतराची अपेक्षा ठेवून नंतर त्याला नापास ठरवणे हा दोष शाळेचा होता.

प्रत्येक कारणासाठी कोसबाडला एक उपाय योजला गेला. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली : शिक्षक साहित्य घेऊन चराईच्या जागी जाई आणि गुरांवर लक्ष ठेवतच अक्षरे व अंक शिकवले जात. दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा होती. थोरल्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली. भावंड पाळणाघरात ठेवून बहिणीला पलीकडच्या वर्गात बसता येई. या एकत्रित रचनेला विकासवाडी हे नाव मिळाले. पूर्वप्राथमिक शिक्षण हे प्राथमिक शाळेतील गळतीवरचे औषध आहे, हा विचार येथे प्रत्यक्षात आला.

शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधांत आज विद्यार्थ्याच्या संपादणुकीवर परिणाम करणारे घटक म्हणून कुटुंबाचे उत्पन्न, घरची भाषा, आहार, आरोग्य, भावंडांची जबाबदारी आणि शाळेचे अंतर यांची नोंद होते. ताराबाईंनी प्रश्नावल्यांऐवजी अंगणे आणि कुरणे पाहिली व जवळपास तेच घटक समोर आणले. त्यांना फक्त घटकांची यादी करून थांबायचे नव्हते, हा मात्र फरक आहे.

== जव्हार-मोखाडा परिसर ==
कोसबाडच्या पूर्वेस डोंगराळ प्रदेशात जव्हार व मोखाडा हे तालुके आहेत. बोर्डीचे केंद्र निघाले तेव्हा जव्हार हे मुकणे राजघराण्याचे संस्थान होते. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांची वस्ती असलेल्या या भागात शाळेसमोरच्या अडचणी त्याच होत्या, आणि त्यात स्थलांतराची भर होती. खरीप संपला की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर भिवंडी-वसईकडे जातात आणि मुलेही सोबत जातात. वर्षाच्या मध्यापासून वर्ग रिकामे होतात. शाळेने मुलाच्या मागे जावे, हा कोसबाडचा धडा येथे कुरणापुरता ठेवून भागत नाही. तो भट्टीपर्यंत न्यावा लागतो. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी कुपोषणाचा प्रश्न राज्यभर चर्चेत आला, तेव्हा उपाशी मूल शिकू शकत नाही हे पुन्हा नव्याने सांगावे लागले.

== उत्तरकाळ ==
ताराबाई काही काळ मुंबई विधिमंडळाच्या सदस्य होत्या. गांधीजींच्या नई तालीममधील पूर्व-बुनियादी शिक्षणाच्या आखणीतही त्यांचा सहभाग होता. त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना मिळालेल्या अंगणवाडी या नावाचे नाते कोसबाडच्या अंगण बालवाडीशी जोडले जाते. कोसबाडचे काम अनुताई वाघ यांनी पुढे १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, चालवले.