खादी घातली म्हणून एमबीबीएस हुकली, पण अँटिबायोटिकचं अख्खं घराणं त्यांच्या देखरेखीत जन्मलं

पावसाळ्यात मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चालत आलात, तर लेप्टोपासून बचाव म्हणून डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात. ही गोळी टेट्रासायक्लिन घराण्यातली. त्या घराण्याच्या पहिल्या औषधामागे एक भारतीय माणूस होता, डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

जन्म 1895 चा, आंध्रातल्या भीमावरमचा. भाऊ स्प्रू या आतड्याच्या आजाराने गेला आणि हा मुलगा औषधांच्या मागे लागला. मद्रासला डॉक्टरकी शिकताना गांधीजींच्या हाकेला ओ देऊन त्यांनी खादीचा गाऊन घातला. इंग्रज प्राध्यापकाची मर्जी गेली. एमबीबीएसऐवजी एलएमएस या खालच्या पदवीवर बोळवण झाली.

मग त्यांनी अमेरिकेतलं हार्वर्ड गाठलं. पोटासाठी हॉस्पिटलात हमाली करावी लागली. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीवर त्यांनी मोलाचं काम केलं, तरी कायमची जागा मिळाली नाही. 1940 मध्ये ते लेडर्ली कंपनीत गेले. तिथे त्यांच्या टीमने स्प्रूवर उपयोगी पडणारं फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केलं.

तेव्हा पेनिसिलिन मुख्यतः इंजेक्शननेच द्यावं लागे. सुब्बारावांच्या विभागात बेंजामिन डगर यांना मिझुरीच्या मातीत एक सोनेरी जिवाणू सापडला. त्यापासून बनलेलं ऑरिओमायसिन तोंडाने घेता येत होतं. 1948 मध्ये ते जगासमोर आलं.

हे औषध काम कसं करतं? जिवाणूंच्या पेशीत रायबोसोम नावाचे प्रथिनांचे कारखाने असतात. औषध त्यांना चिकटतं आणि कच्चा माल आत येऊ देत नाही. प्रथिनं थांबली की जिवाणूंची वाढ थांबते आणि उरलेलं काम आपली प्रतिकारशक्ती करते. स्क्रब टायफस, कॉलरा, मुरमं, छातीचे काही संसर्ग यांवर हे घराणं आजही वापरतात. व्हायरसकडे मात्र हे कारखानेच नसतात, म्हणून साध्या सर्दीवर ते निरुपयोगी.

त्याच 1948 च्या ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले, अवघ्या 53 व्या वर्षी. नोबेल मिळालं नाही, नावही फारसं झालं नाही. त्यांच्या कामाची किंमत आपण एका गोष्टीने ठेवू शकतो. अँटिबायोटिक डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. उगाच घेतलं, की जिवाणू त्याला दाद देणं बंद करतात.