शेंगदाण्याच्या तेलावर चाललेलं इंजिन

पंपावर आपण बिनधास्त ‘डिझेल’ म्हणतो, पण ते एका माणसाचं आडनाव आहे. रुडॉल्फ डिझेल. जन्म १८५८चा, पॅरिसमधला. आई-वडील मात्र जर्मन. १८७० मध्ये युद्ध पेटलं, कुटुंबाला पॅरिस सोडावं लागलं आणि बारा वर्षांच्या रुडॉल्फची रवानगी जर्मनीत, ऑग्सबर्गच्या नातेवाइकांकडे झाली.

म्युनिकला इंजिनीअरिंग शिकताना एक गोष्ट त्याला खटकली. वाफेचं इंजिन कोळशातली बहुतेक उष्णता वायाच घालवतं! त्याने ठरवलं, ठिणगी नकोच. हवा इतकी दाबायची, की ती तापून इंधन आपोआप पेटेल. प्रयोगांत स्फोटही झाले, पण पठ्ठ्या हटला नाही. १८९७ मध्ये त्याचं इंजिन इंधनातली जवळपास चौथा हिस्सा ऊर्जा कामाला लावू लागलं.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात असंच एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चाललं. इंजिनात काहीही बदल न करता! शेतातलं तेल एक दिवस खनिज तेलाइतकंच महत्त्वाचं ठरेल, असं डिझेलने १९१२ मध्ये मांडलं. पुढच्याच वर्षी, कर्जात बुडालेला असताना, इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून तो नाहीसा झाला. नंतर समुद्रात मृतदेह सापडला. आत्महत्या की अपघात, हे कोडं आजही सुटलेलं नाही.

आज काही हौशी लोक तळणीचं उरलेलं तेल गाळतात, मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून ते पातळ करतात, खाली बसलेलं ग्लिसरीन वेगळं काढतात आणि तयार बायोडिझेल गाडीत भरतात. डिझेलचं म्हणणं खरं करून दाखवणारे हेच.