मायकेलअँजेलो : सर्वनामाआड दडवलेले प्रेम

सिस्टीन चॅपेलचे छत आणि ‘डेव्हिड’चा पुतळा यांमुळे जगभर परिचित असलेले इटालियन कलावंत मायकेलअँजेलो बुओनारोती हे कवीही होते. त्यांच्या कविता निधनानंतर ५९ वर्षांनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. मात्र त्या मूळ स्वरूपात नव्हत्या.

६ मार्च १४७५ रोजी काप्रेसे येथे जन्मलेले मायकेलअँजेलो आजन्म अविवाहित राहिले. अमाप पैसा मिळवूनही त्यांची राहणी साधी आणि एकाकी होती. १५३२ मध्ये, वयाच्या ५७व्या वर्षी, रोममध्ये त्यांची ओळख तोमासो दे काव्हालिएरी या उमराव घराण्यातील तरुणाशी झाली. पुढे त्यांनी तोमासोला उत्कट पत्रे व कविता लिहिल्या. स्वतः रेखाटलेली चित्रेही भेट दिली. त्यांपैकी एक होते गॅनिमीडचे. ग्रीक पुराणकथेत देवराज झ्यूस गरुडाच्या रूपाने या देखण्या तरुणाला उचलून नेतो.

तो काळ अशा प्रेमासाठी निर्धोक नव्हता. फ्लॉरेन्समध्ये समलिंगी संबंधांच्या चौकशीसाठी १४३२ ते १५०२ या काळात स्वतंत्र अधिकारी मंडळ कार्यरत होते. मायकेलअँजेलो स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होते. प्रेमाची ओढ आणि पापाची भीती यांतील द्वंद्व त्यांच्या काव्यात सतत जाणवते. या नात्याला शारीरिक बाजू होती, असा पुरावा उपलब्ध नाही. विधवा कवयित्री व्हित्तोरिया कोलोन्ना यांच्याशीही त्यांचा गाढ आध्यात्मिक स्नेह होता. १५४७ मध्ये त्यांच्या निधनाने ते खचले.

तोमासोने पुढे विवाह केला. त्याचा मुलगा एमिलिओ संगीतकार म्हणून नावारूपाला आला. मैत्री मात्र अखंड राहिली. १८ फेब्रुवारी १५६४ रोजी रोममध्ये मायकेलअँजेलो यांनी देह ठेवला, तेव्हा तोमासो त्यांच्याजवळ होता.

१६२३ मध्ये पुतण्याच्या मुलाने या कविता छापताना पुरुषाला उद्देशून असलेले शब्द स्त्रीलिंगी केले. कुटुंबाची प्रतिष्ठा राखली गेली, पण कवीचे मन झाकले गेले. १८६३ मध्ये चेझारे ग्वास्ती यांनी हस्तलिखितांवरून मूळ पाठ प्रसिद्ध केला. इंग्रज लेखक जॉन ॲडिंग्टन सायमंड्स यांनी १८९३ च्या चरित्रात हा फेरफार उघडपणे मांडला. अशा रीतीने तोमासोला त्या कवितांमधील आपली जागा परत मिळाली.