लू गेरिग : साधी गोष्ट अवघड होते तेव्हा



सलग 2130 सामने, एकही खाडा नाही! असा विद्यार्थी तुमच्या हजेरीपटावर कधी सापडलाय का? अमेरिकेचा बेसबॉलपटू लू गेरिग याने 1925 ते 1939 या काळात हा विक्रम केला.

लूचा जन्म 19 जून 1903 रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. आईवडील जर्मनीहून आलेले, परिस्थिती बेताची. चार भावंडांत तो एकटाच जगला. पोराने इंजिनिअर व्हावं ही आईची इच्छा. (आया सगळीकडे सारख्याच!) तो कोलंबिया विद्यापीठात गेलाही, पण 1923 मध्ये शिक्षण सोडून न्यूयॉर्क यांकीज संघात आला. लोक त्याला लोखंडी घोडा म्हणू लागले.

1938 मध्ये त्याचा खेळ थोडा उतरला. तरी 29 होमरन होतेच, मग आजाराची शंका कोणाला येणार? पुढच्या वर्षी मात्र 28 प्रयत्नांत फक्त 4 फटके लागले. 30 एप्रिलला त्याने पहिल्या बेसवर एक अगदी सोपा चेंडू घेतला आणि सहकाऱ्यांनी त्याचं कौतुक केलं. तेच त्याला लागलं. इतक्या साध्या गोष्टीला शाबासकी मिळते, म्हणजे आपलं काहीतरी बिघडलंय, हे त्याने ओळखलं. 2 मे रोजी डेट्रॉईटला तो स्वतःहून संघाबाहेर बसला.

छत्तिसाव्या वाढदिवशी मेयो क्लिनिकमध्ये निदान झालं : एएलएस. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी यात हळूहळू मरतात. पुढे न्यूयॉर्क शहराच्या पॅरोल मंडळावर काम करताना सही करायची तर पत्नी एलिनॉर त्याचा हात धरायची. 2 जून 1941 रोजी तो गेला.

आता मला जे सांगायचंय ते. असा आजार किती पुढे गेलाय, हे मोजायचं कसं? 1990 च्या दशकात डॉक्टरांनी त्यासाठी रोजच्या कामांची पदनिश्चयन श्रेणी बनवली. बोलणं, गिळणं, लिहिणं, घास कापणं, कपडे घालणं, अंथरुणात कूस बदलणं, चालणं, जिना चढणं... प्रत्येकाला 0 ते 4 गुण. आधी प्रश्न 10 होते. त्यात श्वासाला फारच कमी वजन होतं. म्हणून 1999 मध्ये सुधारून 12 प्रश्न केले, एकूण गुण 48.

पण प्रश्न काढले म्हणजे श्रेणी तयार झाली असं नाही. डी.एड.ला आपण विश्वसनीयता आणि सप्रमाणता पाठ केली होती, आठवतं? तेच इथे. वेगवेगळ्या तपासनिसांनी त्याच रुग्णाला जवळपास तेवढेच गुण दिले का? फोनवर विचारून दिलेले गुण समोरासमोर दिलेल्या गुणांशी जुळतात का? स्नायूंची ताकद यंत्राने मोजली, तर तीही गुणांबरोबर घटते का? हे सगळं तपासलं गेलं. नव्या औषधाचा उपयोग झाला की नाही हे याच गुणांवरून ठरवायचं असतं. पट्टीच चुकीची असेल तर रुग्णाचं काय होईल, सांगा! (आपल्या आकारिक नोंदी दोन शिक्षकांनी वेगवेगळ्या लिहिल्या तर किती जुळतील, हा विचार मला तेव्हापासून सोडत नाही.)

लिखाणाचाच प्रश्न घ्या. नेहमीसारखं लिहिता आलं तर 4. हळू किंवा गबाळं, पण सगळे शब्द वाचता आले तर 3. काही शब्द लागत नसतील तर 2. पेन धरता येतं, लिहिता येत नाही : 1. पेनही धरता येत नाही : 0. एलिनॉरने हात धरून करवलेली लूची सही बहुधा 1 वर बसली असती.