प्रजेचा प्रतिनिधी : लोकमान्य टिळक

लोकमान्य बाळ गंगाधर टिळक ह्यांचे नाव ठाऊक नाही असा विद्यार्थी आमच्या जिल्ह्यात सापडणे कठीण. त्यांचे तुरुंगवास, त्यांचे ग्रंथ व त्यांचे देशकार्य ह्यांविषयी पाठ्यपुस्तकांतून पुष्कळ लिहिलेले असते. परंतु टिळक हे काही काळ निवडून आलेले लोकप्रतिनिधी होते आणि ज्या विभागाचे ते प्रतिनिधी होते त्यात आमचा अहमदनगर, म्हणजे हल्लीचा अहिल्यानगर, जिल्हा समाविष्ट होता, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात राहिलेली नाही. म्हणून त्यांच्या चरित्राचा हा एक भाग आमच्या वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

टिळकांचा जन्म 23 जुलै 1856 रोजी रत्नागिरी येथे झाला. वडील गंगाधरपंत हे शिक्षक होते. पुढे त्यांची बदली पुण्यास झाली आणि बाळचे शिक्षण तेथे सुरू झाले. आई लहानपणीच गेली आणि सोळावे वर्ष सरते न सरते तोच वडिलांचेही छत्र हरपले. अशा स्थितीतही त्यांनी डेक्कन कॉलेजात राहून पदवी मिळविली व 1879 साली कायद्याची परीक्षा दिली. सरकारी नोकरी सहज मिळाली असती. परंतु तिच्याकडे पाठ फिरवून त्यांनी मित्रांसह 1880 साली पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि पुढच्याच वर्षी 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे सुरू केली. शिक्षक आणि पत्रकार ह्या दोन्ही नात्यांनी त्यांनी एक विद्या साधली, ती म्हणजे अवघड गोष्ट सोपी करून सांगण्याची. गणिताचा हा शिक्षक सरकारी ठरावातील आकडे फळ्यावरील उदाहरणाप्रमाणे उलगडून दाखवू शके. हीच विद्या पुढे त्यांच्या लोकप्रतिनिधित्वाचे मुख्य साधन झाली.

त्या काळचे कायदे कौन्सिल कसे होते हे आजच्या मुलांस सांगणे अवश्य आहे. 1892 च्या कायद्याने प्रांतिक कौन्सिलांत थोड्या बिनसरकारी सभासदांस जागा मिळाल्या. सभासदांस प्रश्न विचारता येत व अंदाजपत्रकावर बोलता येई. पण त्यावर मत देण्याचा अधिकार त्यांस नव्हता. निवडणूकही आजच्यासारखी नव्हती. मुंबई इलाख्याच्या मध्य विभागात पुणे, सातारा, सोलापूर, नगर, नाशिक व खानदेश हे जिल्हे मोडत. ह्या सहा जिल्ह्यांतील लोकल बोर्डांच्या सभासदांनी मिळून एक प्रतिनिधी निवडावयाचा आणि सरकारने त्यास मान्यता द्यावयाची अशी रीत होती. नांगर धरणारा कुणबी, माग चालविणारा विणकर, वेशीबाहेर राहणारा मजूर, ह्यांपैकी कोणासही मत नव्हते. स्त्रियांचा तर प्रश्नच नव्हता.

1895 साली ह्या जागेवर टिळक निवडून आले आणि 1897 साली पुन्हा निवडले गेले. त्यांनी काही मूठभर बोर्ड-सभासदांची मर्जी राखली असती तरी त्यांची जागा टिकली असती. कौन्सिलात वर्षातून थोडेच दिवस बैठका होत. तेथे एखादे भाषण करावे, मुंबईच्या थोर लोकांत मिरवावे व घरी यावे, एवढ्यावर पुष्कळांचे समाधान होई. टिळकांचे झाले नाही. प्रांताचे उत्पन्न वाढत असता त्यातील अल्पच भाग प्रांताच्या सुधारणेस लागतो, ही तक्रार त्यांनी अंदाजपत्रकाच्या चर्चेत मांडली. पण कौन्सिलच्या दालनापेक्षा दालनाबाहेर अधिक काम करावयाचे आहे हे त्यांनी ओळखले होते. ज्यांनी आपणांस मत दिले त्यांचेच नव्हे, तर ज्यांस मत देण्याचा अधिकारच नाही त्यांचेही आपण देणे लागतो, अशी त्यांची वागणूक होती. आमच्या मते ह्या चरित्रभागाचे सारे मर्म ह्यातच आहे.

ह्या वागणुकीची कसोटी लवकरच लागली. 1896 साली पावसाने डोळे वटारले. आमचा जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडलेला. पश्चिमेस अकोल्याच्या डोंगरात पाऊस कोसळतो आणि पूर्वेस व दक्षिणेस शेवगाव, जामखेड, कर्जत, श्रीगोंदे ह्या बाजूस शेतकरी आभाळाकडे पाहत राहतो. त्या वर्षी खरीप बुडाले व रब्बीची आशाही मावळली. नगर, सोलापूर आणि विजापूर ह्या जिल्ह्यांस त्या दुष्काळाची मोठी झळ लागली. धान्य महागले, गुरे कवडीमोल झाली आणि त्यातच सरकारी साऱ्याच्या हप्त्याचे दिवस जवळ आले. सारा भरावा तर सावकाराच्या दारी जावे आणि सावकाराच्या दारी गेलेली जमीन परत येणे नाही, हे नगरच्या शेतकऱ्यास नव्याने शिकावयाचे नव्हते. वीस वर्षांपूर्वी, 1875 साली, पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध जे दंगे झाले त्यांचे मूळ ह्याच दुःखात होते.

अशा वेळी शेतकऱ्याच्या हिताची एक गोष्ट सरकारदरबारी आधीच लिहून ठेवलेली होती. दुष्काळात सरकारने काय करावे ह्याचे नियम, म्हणजे फॅमिन कोड, तयार होते. पीक बुडाल्यास सारा तहकूब किंवा माफ करता येतो, धडधाकट माणसास काम व अपंगास अन्न द्यावे, अशा तरतुदी त्यात होत्या. परंतु हे नियम इंग्रजीत व कचेरीत. ज्याच्यासाठी ते केले तो खेड्यात आणि निरक्षर. त्याला आपला हक्क ठाऊक नाही आणि अंमलदाराला तो सांगण्याची घाई नाही.

टिळकांनी हे अंतर तोडण्याचे काम हाती घेतले. 'केसरी'च्या अंकांतून त्यांनी ते नियम साध्या मराठीत समजावून दिले. पीक बुडाले असता गुरे विकून किंवा कर्ज काढून सारा भरू नका, तर तहकुबीसाठी रीतसर अर्ज करा, असे ते लोकांस सांगू लागले. त्याबरोबरच धान्याची लूटमार करू नका, कायद्याच्या मर्यादेत राहून आपले मागणे मागा, हेही त्यांनी तितक्याच निक्षून सांगितले. ज्याला वाचता येत होते त्याने चावडीवर किंवा देवळाच्या ओट्यावर अंक वाचावा आणि इतरांनी भोवती बसून ऐकावा, अशा रीतीने कागदावरील अक्षर अक्षरशत्रूंच्या कानापर्यंत पोहोचत असे.

ह्या कामी त्यांस पुण्याच्या सार्वजनिक सभेचे मोठे साहाय्य झाले. ही सभा 1870 साली स्थापन झाली होती आणि तिचा एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणावे, म्हणजे आपण कोणाच्या वतीने बोलतो हे दाखवून द्यावे, असा तो नियम. कौन्सिलांच्या निवडणुका सुरू होण्यापूर्वीच प्रतिनिधित्वाचा हा धडा महाराष्ट्राने गिरविला होता. टिळकांच्या वेळी ह्या सभेचे कार्यकर्ते दुष्काळी जिल्ह्यांत फिरले. त्यांनी गावोगाव सभा भरविल्या, लोकांस नियम सांगितले आणि पिकांची व लोकांच्या हालांची हकीकत गोळा करून पुण्यास पाठविली. हकीकत हाती आली की सरकारकडे अर्ज जाई व 'केसरी'त लेख येई. खेड्यातून वर माहिती आणि वरून खेड्यात माहिती, अशी ही दुहेरी वाट होती. प्रतिनिधी आणि प्रजा ह्यांच्यामधील संबंध म्हणजे हीच दुहेरी वाट होय.

विणकरांची गोष्टही अशीच. पोटाला अन्न नाही तेथे नवे लुगडे कोण घेणार? सोलापुरातील हातमागाचे विणकर बेकार झाले. नगरातही मागावर पोट भरणारी घरे पुष्कळ होती. ज्या हातांनी सूत हाताळले त्यांस खडी फोडण्यास लावल्याने त्यांचा धंदा बुडतो, हे जाणून टिळकांनी सोलापुरास जाऊन तेथील व्यापाऱ्यांशी विचारविनिमय केला आणि विणकरांस त्यांच्याच धंद्यात काम मिळावे अशी योजना सरकारपुढे ठेवली. सरकारने ती स्वीकारली नाही. ह्यावरून त्या काळच्या प्रतिनिधीचे हात किती बांधलेले होते हे दिसून येईल.

सरकारला ही लोकजागृती रुचली नाही. 1897 साली सार्वजनिक सभेला लोकांच्या वतीने सरकारशी बोलण्याचा अधिकार नाही असे ठरवून तिची मान्यता काढून घेण्यात आली. त्याच सुमारास पुण्यात प्लेगने थैमान घातले. पुष्कळ धनिक व पुढारी शहर सोडून गेले. टिळक मात्र तेथेच राहिले. त्यांनी हिंदू लोकांसाठी प्लेगचे रुग्णालय काढण्यात पुढाकार घेतला व घरझडतीच्या वेळी लोकांवर होणाऱ्या जुलमाविरुद्ध लेखणी चालविली. 22 जून 1897 रोजी प्लेग अधिकारी रँड ह्यांच्यावर गोळी झाडण्यात आली आणि त्यानंतर सुमारे पाच आठवड्यांनी 'केसरी'तील लिखाणासाठी टिळकांस राजद्रोहाच्या आरोपावरून पकडण्यात आले. ज्युरीतील सहा युरोपियन गृहस्थांनी त्यांस दोषी व तिघा हिंदी गृहस्थांनी निर्दोषी ठरविले. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरीची झाली. कौन्सिलातील त्यांचे कार्य तेथेच संपले आणि ते पुन्हा कधी कोणत्याही कौन्सिलात बसले नाहीत.

जागा गेली तरी लोकांशी असलेला संबंध गेला नाही, ही गोष्ट आमच्या जिल्ह्याने स्वतः पाहिली आहे. 1908 ते 1914 ही सहा वर्षे मंडालेच्या तुरुंगात काढून, 'गीतारहस्य' लिहून टिळक परत आले. 1916 साली त्यांनी होमरूल लीग स्थापिली आणि त्याच वर्षी 31 मे व 1 जून ह्या दोन दिवशी नगर शहरात त्यांची मराठीत व्याख्याने झाली. वय साठीला टेकलेले, प्रकृती मधुमेहाने खंगलेली. तरी स्वराज्य म्हणजे काय हे सामान्य माणसाच्या भाषेत सांगण्यासाठी ते आले होते. दारू, जंगल, वतने अशा रोजच्या तक्रारींचे उदाहरण घेऊन, ह्या सर्वांचे मूळ लोकांच्या हाती अधिकार नसण्यात आहे, असे त्यांनी श्रोत्यांस दाखवून दिले. परका कोण, ह्याचाही त्यांनी तेथे उलगडा केला. परकेपणा कातडीच्या रंगात नाही, धर्मातही नाही. जो ह्या देशाच्या हिताचे करतो तो मुसलमान असो वा इंग्रज असो, तो परका नव्हे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. नाना जातिधर्मांची मुले जेथे एका बाकावर बसतात अशा आमच्या शाळेतील विद्यार्थ्यांनी हा विचार आपल्याच गावी बोलला गेला होता हे विसरू नये.

ह्या दोन व्याख्यानांवरून व बेळगावच्या एका व्याख्यानावरून सरकारने त्यांच्यावर खटला केला. 23 जुलै रोजी पुण्यास त्यांच्या एकसष्टीनिमित्त लोकांनी एक लाख रुपयांची थैली अर्पण केली आणि त्याच दिवशी वीस हजारांच्या जामिनाची नोटीसही त्यांच्या हाती पडली. खालच्या कोर्टाने जामीन मागितला; परंतु बॅरिस्टर जिना ह्यांनी त्यांची बाजू मांडली आणि नोव्हेंबर 1916 मध्ये हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. नगरात झालेली व्याख्याने अशा रीतीने सबंध देशात गाजली.

चरित्र लिहिताना केवळ गुणगान करणे आम्हांस योग्य वाटत नाही. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यास टिळकांनी कडवा विरोध केला. स्त्रीशिक्षणाविषयीची त्यांची मते आगरकरांसारख्या मित्रांसही पटली नाहीत. आणि कौन्सिलांत निरनिराळ्या समाजांस स्वतंत्र जागा असाव्यात की नाही ह्यावर ब्राह्मणेतर चळवळीच्या पुढाऱ्यांचे त्यांच्याशी तीव्र मतभेद होते. ज्यांचा आवाज आजवर कोणी ऐकला नाही त्यांनी स्वतःच्या तोंडाने बोलावे, ही त्या पुढाऱ्यांची मागणी पुढील काळाने रास्त ठरविली. आयुष्याच्या अखेरीस, एप्रिल 1920 मध्ये, टिळकांनी येऊ घातलेल्या निवडणुकीसाठी काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा काढला. त्यात शिक्षण व मताधिकार ह्यांच्या प्रसारावर आणि जातीमुळे किंवा रूढीमुळे आलेली बंधने दूर करण्यावर भर होता. आपला पक्ष काय करणार हे आधी लिहून मतदारांपुढे ठेवावे आणि मग मत मागावे, ही रीत त्यांनी घालून दिली. निवडणूक पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. 1 ऑगस्ट 1920 रोजी मुंबईस त्यांनी देह ठेवला.

आज आमच्या देशात प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मत आहे. शेवगावचा शेतकरी आणि शहरातील वकील ह्यांच्या मताचे मोल सारखे आहे. दुष्काळ मात्र आमच्या जिल्ह्यास सोडून गेलेला नाही आणि सरकारी योजना व तिचा हक्कदार ह्यांमधील अंतरही पुरते मिटलेले नाही. म्हणून पालकांनी आपल्या प्रतिनिधीस केवळ निवडणुकीच्या दिवशी न ओळखता वर्षभर आपल्या गावची हकीकत कळवीत जावी, आणि तो ती ऐकतो की नाही हे पाहून त्याची योग्यता ठरवावी. विद्यार्थ्यांनाही आम्ही एक काम सुचवितो. आपल्या घरी किंवा शेजारी ज्यांस वाचता येत नाही त्यांस एखादी सरकारी सूचना, एखादा अर्ज, वर्तमानपत्रातील एखादी उपयोगाची बातमी मोठ्याने वाचून समजावून द्यावी. ज्यांस मत नव्हते त्यांच्यापर्यंतही टिळकांचे शब्द पोहोचले ते अशाच वाचणाऱ्यांच्या मुखाने. त्या वाचणाऱ्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. तरी त्यांच्यावाचून ते कार्य झाले नसते.